लज्जेआड लपलेले लक्षण

अमेरिकेत मास्टर्स व जॉन्सन यांनी १९६६ साली मानवी कामप्रतिसादाचे चार टप्पे वर्णिले: उद्दीपन, स्थिरावस्था, परमोत्कर्ष व उपशम. स्त्री असो वा पुरुष, मुळाशी प्रमुख क्रिया दोनच: अवयवांत रक्त साठणे आणि स्नायूंचा ताण वाढणे. पुरुषेंद्रियास ताठरता येते ती रोहिण्या सैलावून रक्त आत शिरते म्हणून. चिंतेनेही हा प्रतिसाद खुंटतो. परंतु झोपेत ताठरता येत असल्यास रक्तवाहिन्या बहुधा शाबूत आहेत, असे डॉक्टर समजतात. मधुमेह व धूम्रपान यांमुळे याच बारीक रोहिण्या पुष्कळदा आधी बिघडतात, आणि हृदयाची तक्रार काही वर्षांनी उद्भवते. रुग्ण मात्र लाजेपोटी भिंतीवर जाहिराती रंगविणाऱ्या भोंदूकडे जातो, आणि रक्तातील साखर तपासावयाची राहून जाते.