चोवीस की पंचवीस? चित्र आणि आवाजाचा मेळ

समजा, एका जुन्या मराठी चित्रपटाचं छान स्कॅन हाती आलं, पण त्यावरचा आवाज खरखरीत आहे. उलट टीव्हीवरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज स्वच्छ आहे. तो उचलून या चित्राला जोडला. पहिला शब्द ओठांशी जुळतो, पण दहाव्या मिनिटाचा संवाद २४ सेकंद आधीच ऐकू येतो! असं का होतं?

बोलपट सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने चालतो. ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा, ‘संत तुकाराम’ १९३६चा. दोन्ही त्याच काळातले. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपला टीव्ही सेकंदाला २५ फ्रेमचा. अशा देशांमध्ये सिनेमा टीव्हीवर दाखवताना सोपा मार्ग म्हणजे फिल्मच २५च्या वेगाने पळवायची. मग दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो.

आता, फिल्म पळाली की सूरही चढतो. किती? जवळजवळ पाऊण श्रुती नव्हे हं, पाऊण अर्धस्वर. म्हणजे पेटीवर काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोनच्या जवळ जातो, पण तिथे पोचत नाही. पेटी घेऊन साथ करायला बसलात, तर कुठलीच पट्टी नीट लागणार नाही.

दुरुस्तीचं गणित सोपं आहे: २४ भागिले २५, म्हणजे ०.९६. वर जाताना वेग ४.१७ टक्के वाढला होता, खाली येताना मात्र बरोबर ४ टक्के कमी करायचा. इथे गफलत केली तर दोन तासांत बारा सेकंदांचा फरक पडतो.

पण ०.९६ने लांबवायचं कसं? मार्ग दोन आहेत. एक, वेग आणि सूर दोन्ही एकत्र उतरवायचे, टेप हळू फिरवल्यासारखं. दुसरा, सूर तसाच ठेवून फक्त लांबी वाढवायची. आवाज चढलेला असेल तर पहिलाच मार्ग घ्या. मूळ पट्टी परत मिळते. प्रसारणाच्या वेळी कुणी सूर आधीच उतरवून घेतला असेल, तरच दुसरा. ऑडॅसिटीत दोन्हींसाठी वेगळे पर्याय आहेत: ‘चेंज स्पीड अँड पिच’ आणि ‘चेंज टेम्पो’. नावं सारखी वाटतात, परिणाम नाही.

हात लावण्याआधी एक तपासणी करा. दार आपटल्याचा आवाज सुरुवातीला एक आणि शेवटी एक, असे शोधा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, तर फ्रेमचा प्रश्नच नाही; आवाज नुसता सरकवा. फरक वाढत गेला असेल, तर तो मोजा. तासाला १४४ सेकंद असेल तर २४-२५चं प्रकरण. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास असेल, तर ते २४ आणि २३.९७६चं, तिथे ०.९६ लावलात तर सगळंच बिघडेल.

आणि मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा.