जाकीट अंगाला बसते का?

हिवाळ्यात मालवण-तारकर्लीच्या समुद्रात एक दृश्य अधूनमधून दिसते. होडी बुडी मारायच्या जागी येऊन थांबते आणि अंगाने किरकोळ असलेली एखादी मुलगी तिच्या वाट्याला आलेल्या जाकिटाचे पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढत बसते. तरीही खांद्यापाशी चार बोटे जागा उरतेच. ‘पाण्यात गेलं की बसेल बरोबर,’ असे तिला सांगितले जाते. पाण्यात मात्र नेमके उलटे घडते. हवा भरताच जाकीट कानापर्यंत वर चढते, शरीर खालीच राहते आणि हनुवटी लाटेच्या रेषेत येते. पाठीवरचा सिलिंडर कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलतो. खाली जाण्याआधीच तिचा श्वास फुललेला असतो.

या जाकिटाला डायव्हर मंडळी ‘बीसीडी’ म्हणतात. त्याचे काम वरवर पाहता सोपे आहे. बटण दाबले की सिलिंडरमधली थोडी हवा जाकिटाच्या पिशवीत शिरते, दुसरे बटण दाबले की ती बाहेर पडते. हवा शिरली की जाकीट जास्त पाणी बाजूला सारते आणि आर्किमिडीजच्या नियमानुसार माणूस वर ढकलला जातो. हवा सोडली की तो खाली जातो. या दोन टोकांच्या मधोमध, ना वर ना खाली अशा अवस्थेत तरंगत राहणे, हे स्कूबाचे खरे कौशल्य.

पूर्वी हे जाकीट नव्हतेच. फ्रान्समध्ये कुस्टो आणि गान्यां यांनी 1943 मध्ये अ‍ॅक्वालंग तयार केले, तेव्हा डायव्हर कमरेला शिशाचे वजन बांधून, फुफ्फुसातली हवा कमी-जास्त करून आपली पातळी सांभाळत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस फेन्झी यांची गळ्यात अडकवायची पिशवी आली. घोड्याच्या गळपट्ट्यासारखी दिसणारी ही पिशवी पृष्ठभागावर तोंड वर ठेवायला चांगली होती, पण पाण्याखाली मानेलाच वर ओढायची. हात घालून अंगात चढवायचे जाकीट त्यानंतर दहाएक वर्षांनी रूढ झाले. अंगाला बसण्याचा प्रश्नही त्याच्याबरोबरच आला, कारण गळ्यातली पिशवी कुणालाही चालते, जाकीट चालत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. पाण्यात दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. शाळेत शिकलेला बॉईलचा नियम इथे अक्षरशः अंगावर येतो. समजा, वीस मीटर खोलीवर जाकिटात चार लिटर हवा आहे. डायव्हर दहा मीटरवर आला की तीच हवा सहा लिटर होते आणि पृष्ठभागाजवळ बारा. प्रत्येक लिटर हवा साधारण एक किलो वजन उचलते. म्हणजे वर येताना हवा वेळेवर सोडली नाही, तर वर जाण्याचा वेग वर जाण्यामुळेच वाढत राहतो. शेवटचे दहा मीटर सगळ्यात धोक्याचे, कारण तिथेच हवा दुप्पट होते.

घाबरलेल्या माणसाने अशा वेळी श्वास रोखून धरला, तर जाकिटाचे जे होते तेच फुफ्फुसांचे होते. फुगलेल्या हवेला वाट मिळाली नाही की फुफ्फुसाचा नाजूक पडदा फाटतो आणि हवेचे बुडबुडे थेट रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. त्याला फार खोलीही लागत नाही. दीड-दोन मीटर पाण्यातूनही असे घडू शकते. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असे शिकवले जाते. ढिल्या जाकिटात हे तीन मिनिटांचे थांबणेच अवघड होते. पिशवीतली हवा पाठीमागे किंवा एका बाजूला साचते, हवा सोडायची नळी हाताला सापडत नाही, आणि सापडली तरी ती सर्वात उंच जागी नसल्याने हवा बाहेर पडत नाही.

घट्ट जाकिटाचा त्रास वेगळा असतो. दुकानात ते अगदी मापात वाटते, कारण तेव्हा त्यात हवा नसते. पूर्ण फुगवल्यावर ते बरगड्या आवळते. छाती पुरती फुलत नाही, श्वास उथळ होतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. डोके जड होणे, धाप लागणे, कारण नसताना भीती वाटणे हे त्याचे परिणाम. अनेकांना हा आपला भित्रेपणा वाटतो, प्रत्यक्षात दोष कमरेच्या पट्ट्याचा असतो.

म्हणूनच जाकीट निवडताना ते रिकामे घालून आरशात पाहणे निरुपयोगी आहे. ज्या वेटसूटमध्ये बुडी मारणार तो अंगात हवा, जाकिटाला सिलिंडर लावलेला हवा आणि झडपेतून जादा हवा आपोआप सुटेपर्यंत जाकीट फुगवलेले हवे. त्या अवस्थेत खोल श्वास घेता आला पाहिजे. मग कुणाला तरी खांद्याचे पट्टे धरून जाकीट वर उचलायला सांगावे. ते दोन बोटांपेक्षा जास्त सरकले, तर पाण्यात ते कानाशी येणार हे नक्की. खाली वाकून पाहावे, सिलिंडर डोक्यावर आदळतो का. डोळे मिटून हात न्यावा, हवा भरायचे बटण, हवा सोडायची दोरी आणि वजनाच्या खिशांचे हूक सापडतात का. पाण्याखाली ते बघून शोधायला वेळ मिळेलच असे नाही.

मापाच्या चिठ्ठीवर फारसा विश्वास ठेवू नये. एका कंपनीचे ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘स्मॉल’एवढे असू शकते. छातीच्या घेराइतकेच महत्त्व धडाच्या लांबीला आहे, आणि गफलत बहुधा तिथेच होते. ठेंगण्या माणसाला लांब जाकीट दिले की कमरेचा पट्टा कमरेऐवजी मांड्यांशी येतो आणि वजनाचे खिसे पाय हलवताना आडवे येतात. बायकांसाठी वेगळी बनवलेली जाकिटे म्हणजे नुसता गुलाबी रंग नव्हे. त्यांची पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे छातीला वळसा घालून जातात. भाड्याने साहित्य देणाऱ्या ठिकाणी अशी जाकिटे क्वचितच ठेवलेली असतात, ही तक्रार रास्त आहे. तिथे निदान लहानातले लहान जाकीट आधीच मागून घ्यावे. होडीवर चढल्यावर मागून उपयोग नसतो.

प्रकारांबद्दल डायव्हर मंडळी तासन्‌तास वाद घालतात. त्यातले कामाचे एवढेच, की ज्याची हवा छातीच्या बाजूंनाही फिरते ते जाकीट पृष्ठभागावर माणसाला उभे धरते, नवशिक्याला ते धीराचे वाटते. ज्याची हवा फक्त पाठीमागे असते, ते पाण्याखाली शरीर छान आडवे ठेवते आणि छाती मोकळी राहते, मात्र पृष्ठभागावर जास्त हवा भरली तर तोंडावर पाडते. थोडे मागे रेलून बसायची सवय झाली की हा त्रास जातो. दोन्हीपैकी काहीही घेतले, तरी बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहील, याची हमी ते देत नाही.

मोठी पिशवी म्हणजे जास्त सुरक्षितता, हाही असाच एक समज. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण अडीच किलो हवा असते. बुडी संपेपर्यंत त्यातली दोनेक किलो वापरली जाते, म्हणजे डायव्हर तेवढा हलका होतो. शिवाय खोलीवर वेटसूट दबून त्याचा तरंगण्याचा गुण कमी होतो. जाकिटाला भरून काढायचा फरक एवढाच. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, पातळ वेटसूटमध्ये, दहा-तेरा किलो उचलणारी पिशवी बहुतेकांना पुरते. ज्यांना ती कमी पडते, त्यांच्या कमरेला बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त शिसे बांधलेले असते. जास्त शिसे, मग ते पेलायला जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे प्रत्येक मीटरला मोठा हेलकावा, असे हे चक्र आहे. त्यामुळे आधी वजन तपासावे. सिलिंडर जवळपास संपलेला, जाकीट पूर्ण रिकामे, नेहमीसारखा श्वास घेऊन उभे राहिले की पाण्याची रेषा डोळ्यांशी यावी आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जाता यावे.

वर्षातून एकदा, सुट्टीत दोन बुड्या मारणाऱ्याने स्वतःचे जाकीट विकत घ्यायची घाई करू नये. त्याने आधी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्यावा. मात्र अंदमानला किंवा नेत्राणीला दरवर्षी जाणाऱ्या आणि दर खेपेला भाड्याच्या जाकिटाशी झटणाऱ्या माणसाला स्वतःचे जाकीट खरोखर उपयोगी पडते. विमानाने न्यायचे असेल तर प्रवासासाठी बनवलेली दोन-अडीच किलोची जाकिटे मिळतात. दमा, हृदयविकार किंवा कानाचे जुने दुखणे असेल, तर जाकिटाआधी डॉक्टरांचा सल्ला.

विकत घेतलेल्या जाकिटाची काळजी बाहेरून पाणी मारून भागत नाही. आत शिरलेले खारे पाणी सुकले की मिठाचे खडे धरतात आणि हवा भरायचे बटण दाबल्या जागी अडकू शकते. मग हवा आपोआप भरत राहते आणि डायव्हर वर फेकला जातो. अशा वेळी हवा येणारी नळी बटणापासून ओढून काढायची असते. हे एका हाताने, हातमोजे घालून, न बघता जमते का, ते तरणतलावात आधी करून पाहावे. बुडीनंतर जाकिटात थोडे गोडे पाणी घालून, हलवून ते ओतून टाकावे, पुन्हा एकदा तसेच करावे आणि अर्धवट फुगवून सावलीत टांगावे.