वक्रदंत, तारेचा उपचार आणि आपले कर्तव्य

मुखरोगांची चर्चा आपल्या चिकित्सालयात रोज होते. परंतु वेड्यावाकड्या दातांचा विषय निघाला की आपण बहुधा तो हसण्यावारी नेतो. प्रस्तुत लेखाचे निमित्त असा हसण्यावारी नेलेला एक प्रसंगच आहे.

काही वर्षांपूर्वी साडेदहा वर्षांची एक मुलगी जीर्ण प्रतिश्यायासाठी आमच्याकडे आली. नाक सदैव चोंदलेले, झोपेत तोंड उघडे, वरचे दात पुढे आलेले आणि खालचा जबडा मागे राहिलेला. सातव्या वर्षापर्यंत अंगठा चोखण्याची सवय होती, असे आईने सांगितले. प्रतिश्यायाची चिकित्सा आम्ही मनापासून केली व तिला उपशयही मिळाला. दातांविषयी आईने विचारले तेव्हा मात्र "वाढीबरोबर बसतील जागेवर" असे सांगून आम्ही मोकळे झालो.

ती मुलगी सोळाव्या वर्षी पुन्हा आली. दात तसेच होते, आणि आता ती हसताना ओठांवर हात धरीत होती. आम्ही तिला ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठविले. त्यांनी तपासून सांगितले, की वाढीच्या वयात आली असती तर विशिष्ट उपकरणाने खालच्या जबड्याच्या वाढीला साहाय्य करण्याचा प्रयत्न करता आला असता. आता वाढ जवळजवळ संपली आहे. वरच्या दोन उपदाढा काढून, तारा लावून, सुमारे दोन वर्षांत पुढचे दात मागे घेण्यात आले. मुलगी आज मोकळेपणाने हसते. तिच्या आईने आम्हांस दोष दिला नाही. तो आम्ही स्वतःकडे घेतला.

शास्त्र काय सांगते?

सुश्रुताचार्यांनी अस्थींचे पाच प्रकार सांगताना दातांची गणना रुचक अस्थींत केली आहे. काश्यपसंहितेत दंतजन्मासाठी स्वतंत्र अध्याय आहे. वाग्भटाचार्य दंतरोगांत 'कराल' सांगतात आणि माधवनिदानात दंताश्रित वायूने हळूहळू दात विकट करणारा हा व्याधी असाध्य मानला आहे. औषधाने तो साध्य होत नाही, हा त्यातील प्रामाणिक निर्णय आजही खरा आहे. कोणतेही तेल, चूर्ण वा गंडूष वाकडा दात सरळ करीत नाही, हे आपण रुग्णास स्पष्ट सांगितले पाहिजे.

यांत्रिक उपायाने मात्र तो आज सरळ करता येतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा मंद, सततचा दाब पडला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि ताणाच्या बाजूस नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. अस्थिधातूच्या क्षय-वृद्धीचे इतके प्रत्यक्ष उदाहरण क्वचितच पाहावयास मिळेल. दाब वाढवून ही गती वाढत नाही. उलट मुळे झिजण्याचा धोका वाढतो. म्हणूनच या उपचारास दीड-दोन वर्षे लागतात.

अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायम दाढेच्या आधारे दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग केले. ते आजही वापरात आहेत. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. त्यामुळे सातव्या वर्षी मुलाचे दात तज्ज्ञाने एकदा पाहावेत, असा संकेत आहे. त्या वयात प्रत्येकास तारा लागतात असे नव्हे. परंतु जबड्याची वाढ, अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे यांची नोंद वेळेवर होते.

प्रौढपणी तारा?

"आता या वयात कशाला?" हा प्रश्न आम्हांसही त्रेचाळिसाव्या वर्षी विचारला गेला. आमच्या खालच्या दातांची दाटी एवढी होती, की नित्य गंडूष-कवल करूनही फटींत कीट साचे व हिरड्यांतून रक्त येई. दंतवैद्यांनी प्रथम हिरड्यांची चिकित्सा केली, मगच तारा बसविल्या. दात सरकण्यास वयाची मर्यादा नाही. हिरड्या व हाड निरोगी असणे मात्र आवश्यक आहे. मधुमेह आटोक्यात हवा, आणि अस्थिसौषिर्यासाठी बिस्फॉस्फोनेट औषधे चालू असल्यास ते दंतवैद्यास आधी सांगितले पाहिजे.

तार आवळल्यावर पहिले तीन-चार दिवस दात ठणकत. तेव्हा पेज, मऊ भात, मुगाची खिचडी हाच आहार ठेवला. गालास व्रण झाले तेव्हा यष्टिमधु व तूप लावून आराम वाटला. समोर बसलेले रुग्ण "वैद्यबुवा, तुम्हीसुद्धा?" असे म्हणत आणि आपल्या मुलांचे दात दाखवीत. वीस महिन्यांनी तारा निघाल्या. रिटेनर आम्ही आजही रात्री वापरतो. तो न वापरल्यास दात पूर्वस्थानाकडे परततात.

वैद्य व औषधी दुकानदारांसाठी काही सूचना

१) तारा असताना दातवण चावणे व भरड दंतमंजन वर्ज्य करावे. मऊ ब्रश, फटींसाठी बारीक ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी. स्वच्छतेत हयगय झाल्यास काही आठवड्यांतच तारेभोवती पांढरे डाग पडतात.

२) त्रिफळा किंवा खदिराच्या गाळलेल्या कोमट काढ्याचा कवल पूरक म्हणून देता येतो, ब्रशऐवजी नव्हे. पारदर्शक उपकरणांवर काढ्याचा व हळदीचा डाग पडतो, हेही सांगावे.

३) च्यवनप्राशासारखे अवलेह व मधातील अनुपान तारेत चिकटून राहते. ते घेतल्यावर चूळ भरून दात घासण्यास सांगावे. खदिरादी वटी चावू नये, चघळावी.

४) चिक्की, ऊस, भाजलेले चणे, सुपारी, कडक पेरू, मक्याचे कणीस टाळावे. फळे बारीक कापून खावीत.

५) ठणक्यासाठी गिऱ्हाइकाने गोळी मागितल्यास दंतवैद्यांना विचारण्यास सांगावे. आयबुप्रोफेनसारख्या औषधांनी दात सरकण्याची क्रिया मंदावण्याची शक्यता असल्याने अनेक तज्ज्ञ पॅरासिटामॉल पसंत करतात.

६) 'दात सरळ करणारे' म्हणून कोणी काही विकावयास आणल्यास ते दुकानात ठेवू नये.

एकाच शास्त्राचा अभ्यास करणाऱ्यास निर्णय नीट करता येत नाही, म्हणून वैद्याने बहुश्रुत असावे, असे सुश्रुताचार्यांनीच बजावले आहे. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाची जीभ आपण पाहतोच. त्याच वेळी अर्धा मिनिट दातांची ठेवण व मिटलेला जबडा पाहावा, आणि शंका आल्यास वेळीच चिठ्ठी लिहून द्यावी. आमच्या हातून ती चिठ्ठी साडेपाच वर्षे उशिरा लिहिली गेली. वाचक वैद्यबंधु-भगिनींकडून तसे होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.