आजाराचं नाव नंतर, आधी श्वास मोजा

बडनेऱ्याहून अमरावतीचं इर्विन रुग्णालय दहाएक किलोमीटरवर. मोठा रस्ता हाताशी आहे. डॉक्टरसह येणारी १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते. तरी कितीतरी पेशंट हाताबाहेर गेल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात, कारण खरा उशीर गाडी निघण्याआधीच घरात किंवा वावरात झालेला असतो. "जीव घाबरून राह्यला," असं माणूस सांगतो आणि घरचे म्हणतात, "पडून राय थोडा, बरं वाटीन."

अचानक कोसळलेल्या माणसाचं शरीर अनेकदा काही तास आधीपासून इशारे देत असतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये या इशाऱ्यांना गुण देण्याची पद्धत आखली. श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप ही त्यातली मुख्य मोजमापं. बिघाड जितका मोठा, तितके ३ पर्यंत गुण. बेरीज ७ किंवा त्याहून जास्त झाली, की अनुभवी डॉक्टर ताबडतोब हजर हवेत. आजार कोणता हे कळण्याआधी धोका कळतो, ही या पद्धतीची ताकद.

सर्वांत दुर्लक्षित आकडा

यातला सर्वांत कमी मोजला जाणारा आकडा श्वासाचा. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी श्वास म्हणजे थेट ३ गुण. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गात पेशींना प्राणवायू पुरत नाही, रक्तात आम्ल साठतं आणि ते निस्तरण्यासाठी मेंदू श्वास वाढवतो. म्हणून ऑक्सिमीटर ९८ दाखवत असतानाही माणूस अत्यवस्थ असू शकतो.

बीपीवर विसंबणं तर फारच धोक्याचं. प्रौढाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड लिटर जाईपर्यंत शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवून धरू शकतं. बाळंतिणीचं बीपी चांगलं आहे म्हणून सगळे निश्चिंत असतात, तेव्हा तिची नाडी धावत असते आणि हातपाय गार पडत असतात. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडावं; रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर रक्त तिथवर नीट पोहोचत नाही, अशी शंका घ्यावी.

तातडीच्या विभागात तपासणीचा क्रम ठरलेला असतो: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि मग कपडे सैल करून सगळं अंग. जे आधी जीव घेतं, ते आधी तपासायचं. जिथे बिघाड सापडेल तिथेच उपचार करायचा, मग पुढे जायचं. बेशुद्ध पेशंटची साखर तपासायला विसरायचं नाही.

वऱ्हाडातली संकटं

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधानं बाहुल्या बारीक होतात, लाळ-घाम सुटतो, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर होते. अशा वेळी अॅट्रोपिनचा डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत छाती मोकळी होईपर्यंत द्यावा लागतो. नुसत्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नसतं. घरच्यांनी भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवावं आणि औषधाचा डबा सोबत न्यावा, कारण प्रत्येक विषाचा उतारा वेगळा.

सोयाबीन काढणीत सापाची भीती. घोणस चावली तर रक्त गोठायचं थांबतं. कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून ते तपासता येतं. मण्यार चावल्याचं अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. पट्टा आवळू नये, कापू नये. हातपाय न हलवता दवाखाना गाठावा.

मे महिन्यात अकोला-अमरावती तापते, तेव्हा ४० अंशांवर ताप आणि बरळणं म्हणजे उष्माघात. इथे पॅरासिटामॉल कामाचं नाही. गाडी येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नये.

१०८ ला फोन करताना तीन गोष्टी सांगाव्यात: मिनिटाला श्वास किती, हाक मारल्यावर उत्तर देतो का, आणि त्रास केव्हापासून. प्रत्येक आरोग्य केंद्रात गंभीर पेशंटचे श्वास पुन्हा पुन्हा मोजून वेळेसकट लिहिले जावेत, असा आग्रह गावानं धरावा. एकदा २२, अर्ध्या तासानं २८, हे कागदावर दिसलं, की कुठल्याही तपासणीची वाट न पाहता पेशंट पुढे पाठवता येतो. त्यासाठी सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक मिनिट पुरतं. हे काम आशाताईंपासून कॉलेजच्या पोरापर्यंत कोणीही शिकू शकतं.