गर्दीला सोबत घेणारी गाणी : 'क्वीन'चा मागोवा

1958 साली पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या पाच मुलांनी एक बँड काढला आणि त्याला 'द हेक्टिक्स' असं नाव दिलं. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची तेव्हा गाजत असलेली गाणी ही मुलं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची. त्यांच्यात पियानोवर बसणारा फारुख बुलसारा झांझिबारमध्ये जन्मलेला, पारशी घरातला. मुख्य गायक दुसराच एक मुलगा होता, फारुख मागून साथीला गायचा. 1963 साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंबाला बेट सोडून लंडनजवळच्या फेल्टममध्ये संसार मांडावा लागला. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासोबत त्याने 1970 साली 'क्वीन' उभा केला. वर्षभरात बेस गिटार घेऊन जॉन डीकन आला आणि हे चौघे अखेरपर्यंत एकत्र राहिले.

आमच्या भूममध्ये क्वीनची गाणी फार उशिरा आली. 1975च्या पावसाळ्यात 'शोले' लागला आणि त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला इंग्लंडात त्यांच्या 'बोहेमियन रॅप्सडी'ची तबकडी निघाली. इकडे बुधवारी रात्री रेडिओला कान लावून 'बिनाका गीतमाला' ऐकली जात होती. पाचगणीत शिकलेला एक मुलगा तिकडे काय करतोय, याची खबर बालाघाटाच्या या बाजूला कुणाला असणार? आज मात्र बारावीतला पोरगाही मोबाइलवर 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' लावतो. पन्नास वर्षं लोटली तरी ही गाणी का टिकली, हे म्हणूनच शोधावंसं वाटतं.

'बोहेमियन रॅप्सडी' 5 मिनिटं 55 सेकंदांची आहे. त्या काळी रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांची गाणी चालत. एवढं लांब गाणं कोण वाजवणार, असं रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं होतं. केनी एव्हरेट या निवेदकाने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर ते पुन्हा पुन्हा लावलं आणि लोक दुकानात जाऊन मागू लागले. इंग्लंडात ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यात ध्रुवपद असं नाहीच. सुरुवातीला संथ, कबुलीजबाबासारखं गाणं, मग ऑपेरा, मग तुफान रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. ऑपेराच्या भागात मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज आहेत. एकावर एक थर चढवत त्यांनी आख्खा गायकवृंद उभा केला. त्या भागाला जवळपास तीन आठवडे लागले आणि टेप इतकी झिजली की तिच्यातून आरपार उजेड दिसू लागला, असं मे सांगतात. एवढा खटाटोप करूनही ते गाणं कुठे जड होत नाही. माझ्या मते रॉकमधली सर्वांत धाडसी रचना हीच.

पण क्वीन लोकांच्या अंगात भिनला तो दुसऱ्या गाण्यांमुळे. 1977च्या सुमारास स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक जागेवरून हलेनात आणि आपणच गाऊ लागले. श्रोत्यांना गाण्यातच वाटा द्यावा, हे तेव्हा मे यांच्या मनात आलं. खच्चून भरलेल्या सभागृहात माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो, गाऊ शकतो. त्यातून 'वी विल रॉक यू' जन्मलं. यात ड्रम नाहीत. फळ्यांवर पाय आपटायचे, टाळ्या वाजवायच्या आणि ते आवाज वेगवेगळ्या अंतरांनी पुन्हा पुन्हा चढवायचे. मे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. दूर उभ्या माणसाची टाळी किती उशिराने कानावर येईल याचा हिशोब मांडून त्यांनी मूठभर लोकांचा जमाव करून दाखवला. गिटार येते ती अगदी शेवटी. तीही त्यांनी वडिलांच्या मदतीने घरीच केलेली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला मर्क्युरीचं 'वी आर द चॅम्पियन्स' होतं. जगभरच्या मैदानांत आजही ही दोन्ही गाणी लागतात.

तुळजापूरच्या वाटेवरच्या या मुलखात हे समजायला जड जाऊ नये. गोंधळात संबळ घुमतं, पुढचा गोंधळी ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात. तसं पाहिलं तर मर्क्युरीने लाखभर माणसांचाच झीलकरी केला. 13 जुलै 1985चा 'लाइव्ह एड' हा त्याचा कळस. आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्बली स्टेडियमवर दिवसभर कार्यक्रम चालला होता. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं होती. 'रेडिओ गा गा'ला समोरच्या सुमारे 72,000 लोकांचे हात एकाच तालावर डोक्यावर उठले. मध्येच वाद्यं थांबवून मर्क्युरीने नुसत्या आलापाच्या फेकी टाकल्या आणि गर्दीने त्या तशाच परत केल्या. आजही ते चित्रण पाहताना अंगावर काटा येतो.

चौघेही गाणी रचत, हे या बँडचं मोठं बळ. कमी बोलणाऱ्या डीकनने 'अनदर वन बाइट्स द डस्ट' रचलं. 1980 साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'ही त्याचंच. 'रेडिओ गा गा' टेलरचं. सगळंच उत्तम जमलं असं नाही. 1982चा 'हॉट स्पेस' हा अल्बम नाचगाण्याच्या मागे लागून फिका पडला. तरी डेव्हिड बोवीसोबतचं 'अंडर प्रेशर' त्यातच आहे, आणि ते अप्रतिम आहे. 1984 साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या सन सिटीत त्यांनी कार्यक्रम केले. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती.

शेवटची वर्षं कठीण गेली. ऑगस्ट 1986 मध्ये नेबवर्थला मर्क्युरी बँडसोबत अखेरचा उभा राहिला. आजाराने शरीर खंगत असतानाही 'इन्युएन्डो' या अल्बमची गाणी त्याने पूर्ण केली. त्यातल्या 'द शो मस्ट गो ऑन'मधला आवाज ऐकून हा माणूस आजारी आहे असं कुणाला वाटणार नाही. आपल्याला एड्स असल्याचं त्याने 23 नोव्हेंबर 1991 रोजी जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं 45. 2018 साली त्याच्यावरचा चित्रपट आला आणि नवी पिढी या गाण्यांकडे वळली.

ज्यांनी क्वीन अजून ऐकलेला नाही, त्यांनी 'वी विल रॉक यू'पासून सुरुवात करू नये. ते कुठे ना कुठे कानावर पडलेलंच असतं. 1976चं 'समबडी टू लव्ह' लावा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गायकवृंदाची रीत मर्क्युरीने त्यात उचलली आहे आणि इथेही सारे थर तीनच गळ्यांचे आहेत. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. भजनात टाळ धरलेल्या माणसाला कुठे साथ द्यायची ते त्यात आपोआप कळतं. एकदा शांतपणे, शेवटपर्यंत ऐका.