जावा भाषेतील स्ट्रिंग-हाताळणी आणि मराठी मजकूर

१९९५ साली प्रसिद्ध झालेली जावा ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा शिकताना विद्यार्थी स्ट्रिंग-हाताळणीच्या तयार आज्ञावल्या शोधून वापरतात. इंग्रजी शब्दांसाठी त्या अचूक ठरतात. मराठी शब्दांबाबत मात्र त्यांची मर्यादा उघड होते. उदाहरणार्थ, ‘मराठी’ या शब्दात आपण म, रा, ठी अशी ३ अक्षरे मोजतो. परंतु जावातील ‘लेंग्थ’ ही मेथड ५ हे उत्तर देते. याचे कारण असे की, युनिकोडमध्ये काना, वेलांटी यांना व्यंजनांहून स्वतंत्र संकेतांक आहेत आणि ही मेथड अक्षरे न मोजता १६ बिटांची एकके मोजते. स्ट्रिंगबिल्डरमधील ‘रिव्हर्स’ मेथडने हाच शब्द उलटा केल्यास ‘ठीराम’ मिळत नाही. वेलांटी आरंभी सुटी पडते आणि ‘र’चा काना ‘ठ’ला लागतो. विद्यार्थ्यांची नावे ठरावीक लांबीवर कापणाऱ्या आज्ञावलीत असा दोष राहिल्यास नावातील वेलांटी गळून नावच बदलते. ‘ब्रेकइटरेटर’ या क्लासच्या साहाय्याने अक्षरांच्या सीमा ओळखून हा दोष टाळता येतो. म्हणून शोधून आणलेली प्रत्येक आज्ञावली प्रात्यक्षिकात किमान एका मराठी शब्दावर तपासून घेणे अध्यापकांनी आवश्यक मानावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.