चुना वाळत नाही
(लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण चुनखडी भट्टीत भाजली. शुद्ध चुनखडीच्या १०० ग्रॅममधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडलं की तो वाफाळत फुटतो, विरतो. हा विरलेला चुना पाण्यात ढवळून गाळ खाली बसू दिला की वर राहते ती निवळी. शाळेत नळीने तिच्यात फुंकतात, ती दुधाळ होते, आणि उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो एवढं लिहून वही मिटते. खरी गंमत मात्र वही मिटल्यावर सुरू होते. त्या परीक्षानळीत जे घडतं तेच चुन्याच्या गिलाव्यात घडतं, आणि म्हणून 'चुना वाळून घट्ट होतो' ही आपली पक्की समजूत चुकीची आहे.

आधी दुधाळपणाचं पाहू. लिटरभर पाण्यात विरलेला चुना दीड ग्रॅमहून थोडा जास्त विरघळतो. वायू शिरला की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणि तेवढ्याच पाण्यात ते जेमतेम १५ मिलिग्रॅम मावतं, म्हणजे सुमारे शंभरपट कमी. उरलेलं बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतं. भट्टीत घातलेली चुनखडीच ती, पुन्हा अवतरलेली. फुंकायचीही गरज नाही. निवळी उघडी ठेवली तरी तिच्यावर पांढरा पापुद्रा धरतो, फक्त सावकाश. कारण उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के, तर साध्या हवेत ०.०४ टक्के.

कुणी म्हणेल, नुसत्या दुधाळपणावर एवढा भरवसा कशाला? सल्फर डायऑक्साइडनेही निवळी गढुळते. आक्षेप रास्त आहे, म्हणून साक्ष तराजूची काढावी. भाजलेल्या चुन्याचा दाहकपणा आगीतून त्याच्यात शिरतो, असं पूर्वी मानत. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ साली छापलेल्या प्रयोगांत वजनं करून दाखवलं, की भट्टीत चुनखडी काही कमावत नाही, गमावते. आणि गमावलेली 'बांधलेली हवा' अल्कलीतून परत दिली की चुनखडी जवळपास मूळ वजनाची होते. भिंतीचा हिशेबही असाच जुळतो. ७४ ग्रॅम विरलेला चुना ४४ ग्रॅम वायू घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडतो आणि १०० ग्रॅम होतो. नुसतं वाळणारं काही वजनाने वाढत नाही.

तरी गिलावा ओला असतो आणि मग कोरडा होतो, हे तर डोळ्यांना दिसतं! दिसतं खरं, पण पाणी उडणं आणि चुना धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायूला आधी पाण्यात विरघळावं लागतं, तेव्हाच तो चुन्याला भेटतो. म्हणून उन्हाने झटपट सुकलेला गिलावा भुसभुशीत राहतो, आणि गवंडी त्यावर पाणी शिंपडत राहतो. घट्ट व्हायला वाळणं पुरेसं असतं, तर हे शिंपणं शुद्ध वेडेपणा ठरला असता. उलट, पाण्याखाली हवाबंद ठेवलेला चुना वर्षानुवर्षं मऊच राहतो.

सर्वांत अवघड आक्षेप नळीतूनच येतो. फुंकत राहिलं तर दुधाळ निवळी पुन्हा स्वच्छ होते. मग भिंतही विरघळायला हवी. जादा वायूमुळे कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं हे खरंच आहे. ते पाणी उकळलं की वायू निघून जातो आणि पांढरं परत येतं. बोअरच्या जड पाण्याने पातेल्याच्या तळाशी धरणारा थर तोच. भिंतीभोवतीच्या हवेत इतका वायू नसतो. पावसाचं पाणी मात्र थोडा वायू घेऊन येतं आणि उघड्या चुन्याला फार हळू झिजवतं. शिवाय भिंतीत वायू बाहेरून आत सरकतो, म्हणून जाड भिंतीचा गाभा फार काळ कच्चा राहू शकतो. असा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फथॅलीन टाकलं, तर कडा रंगहीन राहतात आणि आतला चुना गडद गुलाबी होतो.